जागा एकाची, लायसन दुसऱ्याचं, चव तिसऱ्याची : नाशिकच्या गावातलं एक हॉटेल बंद कसं झालं

मेन रोड, एमजी रोड आणि शालिमार या पट्ट्यातली, म्हणजे नाशिकच्या ज्या जुन्या भागाला आम्ही गाव म्हणतो तिथली, एक जुनी परमिट रूम बंद झाली, तिची ही गोष्ट. नावं, नेमका पत्ता आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, दोन-तीन तपशील मुद्दाम बदललेत. मी तिथला अनेक वर्षांचा गिऱ्हाईक, आणि अकाउंट्सचं काम करतो म्हणून शेवटच्या काळात कागदपत्रं बघायला हॉटेलवाल्यांच्या घरच्यांनी मला बोलावलं होतं. त्यामुळे आत काय चाललंय आणि बाहेर लोक काय बोलतायत, दोन्ही दिसलं. हॉटेल बंद झाल्यावर सगळे म्हणाले की बिल्डरने खाल्लं, कोविडने खाल्लं, टॅक्सने खाल्लं. थोडं थोडं तिन्ही खरंय, पण मला कागद बघताना जे दिसलं ते वेगळं होतं, आणि जुनं हॉटेल किंवा जुनं दुकान चालवणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

सत्तरच्या दशकात उडुपीकडून आलेले अण्णा आणि त्यांचे मेहुणे (घरातली मुलं त्यांना मामा म्हणायची म्हणून आम्ही पण मामाच म्हणायचो), या दोघांनी मिळून हे सुरू केलं. आधी नुसतं चहा-नाश्त्याचं होतं, मग जेवण, मग दारू देण्याचं एफएल-३ लायसन मिळालं आणि पाटीवर परमिट रूम आलं. इमारत वाड्यासारखी, लाकडी जिना, सागाच्या तुळया, वर इमारतीच्या मालकांची बिऱ्हाडं. जागा पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमची भाड्याने घेतलेली, भाडं आजच्या मानाने अगदीच नाममात्र.

खाली बार आणि टेबलं, माळ्यावर पडदे लावलेली फॅमिली रूम. एसी कधीच नव्हता, उंच छताला लांब दांड्याचे पंखे होते. गल्ल्याच्या मागे अण्णा बसायचे, पांढरा हाफ शर्ट, समोर बडीशेपेची वाटी. कोण किती पितो हे अण्णांना माहीत असायचं आणि त्याच्या वर गेलं की ते स्वतः उठून टेबलापाशी यायचे आणि म्हणायचे, "पुरे आता, भाकरी गरम आहे, जेवून घ्या आणि घरी जा." धंदा करणारा माणूस चौथा पेग नाही म्हणून सांगतो हे मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. त्यामुळे घरी बायकांना पण माहीत असायचं की नवरा तिथे बसलाय म्हणजे काळजी नाही.

यायचे कोण, तर सगळेच. जिल्हा कोर्ट जवळ असल्यामुळे वकील मंडळी, गोळे कॉलनीतले औषधवाले, रात्री अंकाचं पान लावून झालं की पेपरवाले, पगाराच्या दिवशी नाशिकरोडहून नोटांच्या प्रेसचे कामगार आणि ओझरहून एचएएल या विमान कारखान्याचे, आणि द्राक्षाचं पेमेंट झालं की निफाड-दिंडोरीचे शेतकरी. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसात प.सा. नाट्यगृहातून प्रयोग आटपून हौशी मंडळी अर्धवट पुसलेल्या मेकअपमध्ये थेट यायची आणि मग परीक्षकांनी काय करायला पाहिजे होतं यावर शटर खाली येईपर्यंत भांडणं चालायची. वेटर तात्या ऑर्डर कधी लिहून घ्यायचे नाहीत. क्वार्टरच्या रिकाम्या बाटल्या टेबलाच्या भिंतीकडच्या कडेला रांगेत उभ्या करून ठेवायचे आणि शेवटी त्या रांगेवरून बिल व्हायचं, गिऱ्हाईकाच्या डोळ्यासमोर, त्यामुळे बिलावरून वाद झाला असं मला आठवत नाही.

आणि जेवण. मेनू अर्धा अण्णांच्या गावचा आणि अर्धा आपल्या इकडचा होता. रविवारी चिकन सुक्का आणि नीर डोसा, आणि रविवार-बुधवार-शुक्रवार काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीची भाकरी. मटण करणारे काका पेठ तालुक्यातले, पोरवयात भांडी घासायला आले आणि आधीच्या खानदेशी आचाऱ्याच्या हाताखाली शिकले. सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी ते चिमट्यात धरून थेट जाळावर धरायचे, बाहेरून पार काळी होऊन आतून तेल सुटायला लागलं की बाजूला काढून ठेवायचे, मग कांदे सालासकट त्याच जाळात, मग दगडफूल, तीळ, धणे वगैरे तव्यावर. लपवाछपवी काही नव्हती, कुणीही आत डोकावून बघितलं तरी चालायचं. पण मोजमाप सगळं हाताचं, काकांनी कधी काही लिहिलं नाही आणि कुणी लिहून घेतलं पण नाही.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २००८ च्या पुरात गोदावरीचं पाणी सराफ बाजार, दहीपुलाकडे शिरलं तेव्हा हॉटेल उंचावर असल्यामुळे कोरडं राहिलं. अण्णांनी बार बंद केला, माळ्यावरची फॅमिली रूम रिकामी केली आणि ओळखीच्या-बिनओळखीच्या दुकानदारांनी आपापली गाठोडी, वह्या, कापडाचे तागे तिथे आणून टाकले. खाली काकांनी मोठ्या पातेल्यात पिठलं लावलं होतं आणि जो येईल त्याला पिठलं-भाकरी, पैसे नाहीत. नंतर त्या दुकानदारांपैकी कित्येक जण, अगदी माळकरी असलेले सुद्धा, दिवाळीला अण्णांकडे मिठाईचा पुडा घेऊन यायचे. गावातल्या माणसाला हे हॉटेल आपलं का वाटायचं त्याचं उत्तर यात आहे.

अडचण नेमकी काय होती

धक्के एकामागोमाग एक बसले. डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करायला सांगितलं आणि १ एप्रिल २०१७ पासून ते लागू झालं. ३१ मार्चलाच कोर्टाने स्पष्ट केलं होतं की बार आणि परमिट रूमपण त्यात आले. जवळच्या रस्त्याचा दर्जा महामार्गाचा म्हणून मोजणी झाली आणि हॉटेलचा बार बंद. जुलैमध्ये कोर्टाने महापालिका हद्दीत हे लागू नाही असं सांगितलं, तरी इथले कागद हलून बार परत सुरू व्हायला आणखी वेळ गेला. मग त्र्यंबक नाका ते अशोकस्तंभ स्मार्ट रोडचं काम निघालं, एक किलोमीटरच्या आसपासचा रस्ता पण काम लांबत गेलं, ट्रॅफिक वळवलं, आणि ज्या माणसाला गाडी लावायला जागा मिळत नाही तो गावात जेवायला कशाला येईल, तो कॉलेज रोडला, गंगापूर रोडला बसायला लागला. मग मार्च २०२० चा लॉकडाऊन, ऑक्टोबर २०२० ला अर्ध्या क्षमतेने परवानगी, एप्रिल २०२१ ला परत बंद. आणि नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममध्ये प्यायल्या जाणाऱ्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. ज्या हॉटेलचा गिऱ्हाईक पगारदार आहे तिथे हे थेट टेबलावर जाणवतं, लोक वाईन शॉपमधून घेऊन घरी बसतात.

यातला प्रत्येक धक्का गावातल्या दुसऱ्या हॉटेलांनाही बसला होता आणि त्यातली काही अजून चालू आहेत. मग हेच का बंद पडलं?

कागद उघडले तेव्हा असं दिसलं की भाडेपावती एकट्या अण्णांच्या नावावर आहे. लायसन भागीदारीत, अण्णा आणि मामा. दोघंही तोपर्यंत गेलेले, मामा आधी आणि अण्णा कोविडच्या थोडं आधी. अण्णांच्या जागी दोन मुलं आली, थोरले आणि धाकटा, पण मामांच्या जागी वारस म्हणून त्यांचा मुलगा आणि मुलगी, एक मंगळूरला, एक पुण्याला, दोघांचाही धंद्याशी संबंध नाही पण लायसनच्या प्रत्येक कामाला त्यांच्या सह्या लागणार. आणि चव काकांच्या हातात, जे पगारी नोकर, वय झालेलं, गुडघे दुखतायत, गावी जायचंय. म्हणजे जागेचा निर्णय एका ठिकाणी, लायसनचा दुसऱ्या ठिकाणी आणि लोक ज्यासाठी यायचे ते तिसऱ्याच माणसापाशी. अण्णा असेपर्यंत हे तिन्ही एका माणसाच्या शब्दावर चालायचं. अण्णा गेले आणि ते बांधून ठेवणारं काही उरलं नाही, भागीदारीचा नवा करार नाही, घरात लेखी काही नाही.

त्यात इमारतीच्या मालकांच्या घरातले वारस वाढत गेले होते आणि त्यांनी मिळून इमारत एका बिल्डरला विकसित करायला द्यायचं ठरवलं. पावसाळ्याआधी जुन्या वाड्यांना धोकादायक म्हणून नोटिसा जातात तशी इथेही लागली.

समोर काय काय पर्याय होते

पहिला म्हणजे लढायचं. इथे भाडेकरूंनी घाबरून जायचं कारण नसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये जुन्या भाडेकरूला चांगलं संरक्षण आहे, पागडीलाही त्या कायद्याने मान्यता आहे, आणि इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलेलं आहे. वकिलांनी हेच सांगितलं. पण त्यांनी दुसरंही सांगितलं की हक्क टिकेल, हॉटेल टिकेल का ते तुम्ही ठरवा, कारण केस चालू असताना इमारत रिकामी असेल, स्वयंपाकघर बंद असेल आणि माणसं दुसरीकडे कामाला लागलेली असतील. स्ट्रक्चरल ऑडिट स्वतंत्र करून घेतलं. त्यात तुळया बऱ्या निघाल्या पण मागची भिंत, जिथे वर्षानुवर्षं मोरीचं पाणी मुरलं होतं, ती खरंच वाईट अवस्थेत होती. त्या भिंतीला लागूनच भटारखाना. खाली माणसं काम करतात, वर लोक राहतात, त्यामुळे भिंतीचा फोटो बघितल्यावर थोरले म्हणाले की यावर मी केस लढणार नाही. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो.

दुसरा, नव्या इमारतीत तेवढीच जागा घ्यायची. बिल्डर जागा द्यायला तयार होता, अट अशी की वापर दुकानाचा, बार नाही, मोठा भटारखाना नाही. वर फ्लॅट येणार, फ्लॅट घेणाऱ्याला खाली परमिट रूम नको असते. एक्झॉस्टचा डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, गच्चीपर्यंत न्यायला त्याच्या प्लॅनमध्ये जागाच ठेवलेली नव्हती. ही गोष्ट किती मोठी आहे हे बऱ्याच जणांना कळत नाही, करारात चौरस फूट लिहिले की लोक खुश होतात, पण खोबरं जाळावर भाजणारं स्वयंपाकघर डक्टशिवाय चालवता येत नाही. प्लॅन मंजुरीला जायच्या आधी हा डक्ट मागितला असता तर मिळाला असता का, माझ्या मते मिळाला असता, तोपर्यंत बिल्डरला सह्यांची गरज होती. आम्ही विचारलं तेव्हा प्लॅन आत गेलेला होता.

तिसरा, लायसन घेऊन दुसरीकडे जायचं. एफएल-३ चं स्थलांतर होतं, एक्साइजची (राज्य उत्पादन शुल्क खात्याची) प्रक्रिया आहे, नवी जागा शाळा, देवस्थान वगैरेपासून ठरावीक अंतरावर पाहिजे, जागेचे कागद स्वच्छ पाहिजेत. धाकट्याने गंगापूर रोड आणि पाथर्डी फाट्याकडे जागा बघितल्या. भाडी ऐकून पहिला धक्का बसला कारण या घराने आयुष्यात बाजारभावाने भाडं दिलेलंच नव्हतं. मी हिशेब मांडून दिला. जुन्या दरात, जुन्या गिऱ्हाईकाला परवडेल अशा किमतीत, ते भाडं निघतच नव्हतं. दर वाढवायचे तर एसी, इंटिरियर, म्युझिक आलं, म्हणजे कर्ज आलं, आणि मग ते हॉटेल कुणाचं उरलं? प्रेसमधून रिटायर झालेला माणूस तिथे बसणार नाही.

चौथा पर्याय बाहेरून आला, एका ग्रुपने लायसन आणि नाव दोन्ही मागितलं, पैसे चांगले देत होते. आणि एक पाचवा पर्याय होता, बार सोडून फक्त जेवण, छोटं, भटारखाना आणि थोडी टेबलं. हा कुणी गांभीर्याने मांडलाच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त विचार याचा व्हायला पाहिजे होता, त्यावर खाली येतो.

काय ठरलं आणि कसं ठरलं

बैठका घरातच झाल्या, थोरल्यांच्या हॉलमध्ये. पहिल्या बैठकीला मामांचा मुलगा मंगळूरहून आला, मुलगी फोनवर. ती दोघं वाईट नव्हती अजिबात, पण त्यांना अनेक वर्षांत हिशेब कुणी दाखवला नव्हता, अण्णा दर दिवाळीला पाकीट पाठवायचे तेवढंच. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न होता की आमचा वाटा नेमका किती, आणि या प्रश्नाचं लेखी उत्तर कुणाकडे नव्हतं. जुनी भागीदारी डीड सापडली तीही नुसती झेरॉक्स, त्यात निम्मं-निम्मं लिहिलेलं, पण मामा शेवटची बरीच वर्षं हॉटेलात येत नव्हते आणि सगळी मेहनत अण्णांची, असं थोरल्यांचं म्हणणं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. या एका मुद्द्यात महिने गेले, आणि त्याच महिन्यांत बिल्डरचा प्लॅन पुढे सरकत होता.

निर्णयाला धक्का दिला तो लायसनच्या तारखेने. एक्साइजचं वर्ष ३१ मार्चला संपतं, पुढच्या वर्षाची फी आधी भरावी लागते, आणि महापालिका हद्दीतली फी छोट्या हॉटेलला जड असते. व्हॅट वाढून काही महिने झाले होते, गल्ला आणखी उतरला होता. मार्च जवळ आला तसा प्रश्न उघड झाला, ही फी भरायची कशासाठी, पावसाळ्यात तर इमारत सोडावीच लागणार. शेवटी ठरलं असं की लायसन त्या ग्रुपला द्यायचं, म्हणजे नियमाप्रमाणे नवे भागीदार आत, जुने बाहेर, पण नाव द्यायचं नाही. जागेच्या हक्काच्या बदल्यात नव्या इमारतीत दुकान घ्यायचं आणि काही रक्कम. लायसनचे पैसे मामांच्या मुलांशी निम्मे-निम्मे, जागेचे अण्णांच्या घरात. नाव न विकण्याचा आग्रह धाकट्याचा होता, त्याने एकच वाक्य सांगितलं, "लायसन सरकारचं आहे, नाव अण्णांचं आहे." त्यावर थोरलेही गप्प झाले.

माझ्याकडून एक गोष्ट मी लावून धरली ती ग्रॅच्युइटीची. हॉटेल लाईनमध्ये बरेच जण समजतात की हे कारखान्यांसाठी असतं. तसं नाही. दहा किंवा जास्त माणसं जिथे कामाला आहेत तिथे तेव्हा १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागायचा (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली), आणि एकदा लागला की नंतर माणसं दहाच्या खाली आली तरी लागूच राहायचा. कोविडनंतर इथे मोजकीच माणसं उरली होती म्हणून घरच्यांना वाटत होतं की आपल्याला लागू नाही. हिशेब सोपा आहे, शेवटच्या महिन्याचा पगार गुणिले १५ भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. काका आणि तात्यांची वर्षं एवढी होती की आकडा बघून धाकट्याच्या डोळ्यात पाणी आलं, पैशासाठी नाही, एवढी वर्षं ही माणसं आपल्याकडे होती म्हणून. थोरल्यांनी निर्णय घेतला की जागेच्या रकमेतला पहिला हप्ता आला की आधी माणसांचं द्यायचं, मग घरात वाटायचं. तसंच झालं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात अभिमान वाटतो तो या निर्णयाचा.

शेवटचे दिवस

बंद होणार हे बाहेर सांगितलं ते अगदी शेवटी, पंधरा दिवस राहिले असताना, गल्ल्याजवळ एक हाताने लिहिलेला कागद लावून. त्याआधी सांगितलं तर माणसं सोडून जातील आणि देणी-घेणी अडकतील अशी भीती होती. कागदाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला आणि मग जी गर्दी झाली ती अण्णांच्या काळातल्या शनिवारी पण नसायची. पुण्या-मुंबईहून लोक आले. वकिलांच्या टेबलावर तीन पिढ्या एकत्र बसलेल्या. एका नाट्यसंस्थेची मंडळी माळ्यावर बसली होती आणि पडदे लावू देईनात, म्हणाले खालचं सगळं दिसलं पाहिजे. सराफ बाजारातले एक काका, आयुष्यात दारूला न शिवलेले, बायको-सुनेला घेऊन आले, शेवभाजी-भाकरी खाल्ली आणि जाताना तात्यांच्या हातात पाकीट ठेवून म्हणाले की पुरातल्या पिठल्याचं बिल राहिलं होतं.

काही जुन्या गिऱ्हाइकांनी वर्गणी काढून हॉटेल चालू ठेवायचा प्रस्ताव आणला. मनापासून होता, रक्कमही कमी नव्हती. पण तोपर्यंत लायसनच्या कागदांवर सह्या झालेल्या, जागेचा करार झालेला. त्या मंडळींना हे समजावणं थोरल्यांना फार जड गेलं. दोन महिने आधी आले असते तर काय झालं असतं, हा विचार मीही बऱ्याचदा करतो.

पुढे काय झालं

लायसन आता शहराच्या दुसऱ्या भागात, वेगळ्या नावाच्या लाउंजमध्ये चालू आहे. जुनी इमारत उतरवली, नवीन काम प्लिंथच्या वर आलंय. तात्या एका कॅटररकडे आहेत. काका गावी गेले, ग्रॅच्युइटीतून घराचं छत केलं आणि गुडघ्याचं ऑपरेशन. थोरले आता कामातून बाजूला झालेत. धाकटा महिन्यातून एकदा पेठला जातो, काका मसाला करताना शेजारी वजनकाटा घेऊन बसतो आणि प्रत्येक वस्तू आधी तोलून मग त्यांच्या हातात देतो. पहिल्या दोन-तीन वेळा चव जमली नव्हती, खोबरं घरच्या गॅसवर तेवढं जळत नाही असं काकांचं मत. मागच्या खेपेचं मटण मी खाल्लं, जवळ आलंय, अजून तेच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी हुकलेली संधी म्हणजे २०१७ चे ते बार बंद असलेले महिने. मी नंतर त्या काळाच्या वह्या काढून बघितल्या. दारूचा गल्ला शून्य, हे उघडच, पण जेवणाचा गल्ला आधीच्या वर्षापेक्षा वर गेलेला. बार नाही म्हटल्यावर एमजी रोडच्या दुकानांतल्या बायका, कोचिंग क्लासची पोरं, घरची माणसं घेऊन आलेले वकील, जे एरवी परमिट रूमच्या पाटीमुळे आत यायचे नाहीत ते सगळे आले. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून रेस्टॉरंटचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, म्हणजे जेवणाच्या धंद्याला आणखी बरे दिवस. धाकटा तेव्हा म्हणालाही होता की आपण फक्त जेवणाची एक छोटी शाखा काढून बघू, काकांच्या हाताखाली दोन पोरं तयार करू. बार परत सुरू झाला आणि तो विषय मागे पडला. त्या महिन्यांत हॉटेलनेच दाखवून दिलं होतं की लोक काकांच्या हातासाठी येतात. तेव्हा शाखा निघाली असती तर २०२० च्या पार्सलच्या काळात तिनेच घर चालवलं असतं आणि पुढे जागेचा, लायसनचा निर्णय एवढ्या कोंडीत घ्यावा लागला नसता.

भागीदारीचं तर सरळ आहे. मामा हॉटेलात यायचे बंद झाले त्या वर्षीच बसून नवी डीड करायला पाहिजे होती, काम करणाऱ्याचा वाटा किती, नुसत्या भांडवलाचा किती. दोघं मेहुणे एकमेकांवर जीव टाकायचे, मागितलं असतं तर एका चहात झालं असतं. पुढच्या पिढीत प्रेम कमी नव्हतं, पण सोबत धंदा केलेला नव्हता. भाडेपावतीचंही तसंच, धंद्यात प्रत्यक्ष बसणाऱ्या मुलांची नावं मालकांशी संबंध चांगले असताना लावून घेता आली असती.

बंद होणार हे लपवण्याबद्दल माझं मत थोरल्यांपेक्षा वेगळं आहे आणि मी ते त्यांना सांगितलंय. सहा महिने आधी सांगितलं असतं तर माणसं गेली नसती, ग्रॅच्युइटी लेखी दिली असती तर अजिबात गेली नसती. उलट वर्गणीवाली मंडळी वेळेत आली असती आणि कदाचित फक्त जेवणाच्या हॉटेलचा तो पाचवा पर्याय टेबलावर आला असता, कारण त्यांना बार नकोच होता, त्यांना ती जागा आणि ते जेवण पाहिजे होतं.

आणि नाव. नाव विकलं नाही हे उत्तम झालं, पण नोंदवलेलं पण नव्हतं. काही महिन्यांनी शहराबाहेर हायवेला कुणीतरी त्याच नावाने ढाबा काढला, लोक फोटो पाठवून विचारायला लागले की सुरू केलं का परत. त्यानंतर ट्रेडमार्कचा अर्ज करायला घेतला, हॉटेल-रेस्टॉरंट ४३ व्या वर्गात येतं. अर्जदार म्हणून कुणाचं नाव लिहायचं यावर गाडी अडली. धाकट्याने स्वतःचं एकट्याचं नाव टाकलं नाही, म्हणाला मामांच्या मुलांना विचारल्याशिवाय नाही. मसुदा मी करून दिलाय, चौघांची नावं, आणि जो प्रत्यक्ष हॉटेल चालवेल त्याला वापराचा हक्क. मामांच्या मुलीने पुण्याहून दोन दुरुस्त्या सुचवल्यात, त्यातली एक चांगली आहे, की काकांच्या मसाल्याचं जे वजन-माप लिहून होतंय ते त्यांच्या नावाने लिहावं आणि विक्री झाली तर त्यांना हिस्सा द्यावा. थोरल्यांना ते मान्य आहे. दिवाळीत सगळे नाशिकला येणार आहेत तेव्हा सह्या करायच्या ठरल्यात.